काकूचा ताप

कल्पना कर बरं, लालबागच्या चाळीत दोन खोल्यांत सहा माणसं राहतात आणि त्यांतली सगळ्यांत धाकटी आहे पहिलीतली जुई. तिची चैत्रालीकाकू रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच थर्मामीटर तोंडात धरायची. पीसीओएसमुळे तिच्या पाळीचा भरवसा नव्हता. अंगाच्या तापमानावरून बीज नेमकं कधी तयार होतं ते कळावं, मूल राहावं, म्हणून दोन वर्षं हेच चाललं होतं.

"काकू, आज पण ताप?" जुई विचारायची.

"हो गं बाई, आज पण," काकू दमून म्हणायची. लेकराला आणखी काय सांगणार?

आज मात्र सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले होते, "बीज तयार आहे. आजची रात्र चुकवू नका." स्वरूपकाकाने रात्रपाळी बदलून घेतली. चैत्रालीने सगळ्यांची जेवणं लवकर उरकली आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

तेवढ्यात दार ढकलून जुई आत आली, काखेत उशी आणि हातात ओला रुमाल घेऊन.

"काका, तू बाहेर आजोबांजवळ झोप. आजारी माणसापाशी बाईमाणूस लागतं!" असं म्हणत तिने दोघांच्या मधोमध उशी टाकली, काकूच्या कपाळावर रुमाल ठेवला आणि हक्काने तिच्या कुशीत शिरली.