सातव्या मजल्यावरचा सराव

पहिला आला तर नंदकुमारचा फायदा सरळ होता: पर्मनंट नोकरी. अंधेरीच्या औषध कारखान्यात तो आणि त्याची बायको वनमाला, दोघंही टेंपररी. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, कारखान्याच्या शर्यतीत पुरुषांत आणि बायकांत जे पहिले येतील त्यांना साहेब पर्मनंट करणार होते.

परदेशातले धावपटू उंच डोंगरावर राहून सराव करतात, असं नंदकुमारने मासिकात वाचलं. डोंगर परवडेना, म्हणून मामा वॉचमन असलेल्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर त्याने महिनाभर मुक्काम टाकला. वर जायचा तो लिफ्टने.

"अगं, उंचीवर राहायचं असतं, चढून दमायचं नसतं!"

दूध, अंडी आणि फॉरेनची प्रोटीन पावडर घेऊन वनमाला सकाळ-संध्याकाळ यायची. मामा तिला लिफ्टपाशीच अडवायचे. "डबे-किटल्या जिन्याने न्यायच्या, वनमाला. सोसायटीचा नियम आहे." पावडर खाली राहिली की तिला पुन्हा उतरावं लागायचं आणि वरून हाक यायची, "धावत ये गं, दूध निवतंय!"

शर्यतीला बायकांची नावं कमी पडली, तेव्हा सुपरवायझरने वनमालाचं नाव परस्पर लिहून टाकलं. नंदकुमार एकतिसावा आला. वनमाला पहिली.

पर्मनंटचं पत्र देताना साहेबांनी कौतुकाने विचारलं, "बाई, सराव किती केलात?"



"कसला सराव, साहेब? ह्यांच्या सरावातून मला सवड कुठे मिळाली!"