सॅम्पल फ्लॅटमधल्या मुंग्या

ग्लासातले दात घासायचे ब्रश तिने पुन्हा बदलले. दोन मोठे, एक इवलासा. इवल्याचे केस अंगठ्याने दाबून जरा विस्कटले. कोरा ब्रश म्हणजे दुकान, विस्कटलेला म्हणजे घर. सॅम्पल फ्लॅट सजवण्याचं सगळं कसब तिच्या मते एवढंच होतं.

या घरात कोणी राहणार नव्हतं. नळाला पाणी नाही, टीव्ही पुठ्ठ्याचा, भिंती प्लायवूडच्या. लोकांनी हे बघून भुलायचं आणि पलीकडे बांधकाम चाललेल्या इमारतीत असंच घर घ्यायचं.

गिऱ्हाईक आलं की ती स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत, रंगाच्या डब्यांमध्ये जाऊन बसे आणि भिंतीला कान लावी. तोंडावर सगळेच "छान आहे" म्हणतात. खरं काय ते पाठ वळल्यावर बोलतात. ते ऐकून दुसऱ्या दिवशी ती घरात फेरफार करी. ती याला अभ्यास म्हणे, सेल्समन चोंबडेपणा म्हणे.

त्या सकाळी घरी वाजलं होतं.

"अगं, आधी स्वतःचं घर होऊ दे, मग मूल," नवरा बॅग भरता भरता म्हणाला. त्याची नोकरी फिरतीची. "पळून का जातंय?"

"घर नाही पळत. वय पळतं."

"झालं हिचं सुरू!"

तिच्या डोक्यातली मुलाची खोली कधीच तयार होती. भिंतीच्या अगदी तळाशी रंगवलेली मुंग्यांची रांग, रांगणाऱ्या पोराच्या डोळ्यांसमोर येईल अशी. नवऱ्याला एकदा हौसेने सांगितलं, तर त्याने फोनमधून मान वर न काढता नुसतं "हं" केलं. ती हल्ली कुठल्या इमारतीत काम करते हेही तो विचारत नसे. तिनेही सांगायचं सोडून दिलं होतं.

दुपारी भिंतीपलीकडे दोन बायकांचे आवाज आले. बहिणी असाव्यात. धाकटीला बोलता बोलता धाप लागत होती.

"बस जरा. सातवा लागलाय तुला, विसरू नकोस," थोरली म्हणाली.

"खोली छान आहे गं ताई, पण बाळाची नाही वाटत. पाहुण्यांची वाटते."

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती जमिनीवर पालथी पडली आणि मुंग्या रंगवल्या. स्वतःसाठी राखून ठेवलेल्या. आपलंच काहीतरी उचलून परक्याला देतोय असं वाटून तिला रडूही आलं.

दोघी पुन्हा आल्या. धाकटी धपकन खालीच बसली असावी.

"अय्या, मुंग्या! ताई, साखर पळवतायत बघ!" ती इतकी मोकळी हसली की भिंतीमागे हिलाही हसू फुटलं. हेवा वाटत होता, तरी या पोरीला घर मिळावं असं मनापासून वाटलं.

"आता त्याला घेऊन येते. तो हो म्हणाला की झालं."

"येईल का पण तो?"

"न येऊन सांगतो कुणाला? पोर त्याचंही आहे."

रविवारी सेल्समनने बोळकांडीत डोकं खुपसलं. "आली तुमची मुंग्यावाली. नवऱ्यासकट. आज होणार बघा!"

ती डब्यावर सावरून बसली. धाकटी स्वयंपाकघरात खण उघडून बघत होती, फळीपलीकडे अगदी हाताच्या अंतरावर. नवरा आत, मुलाच्या खोलीत. नुसती त्याची पावलं वाजत होती. आवडली नसेल का? तिने भिंतीला कान आणखी चिकटवला.

"अगं, इकडे ये ना," आतून हाक आली. "हीच आपल्या बाळाची खोली."

इतक्या वर्षांची सवय. प्लायवूडच्या दोन्ही बाजूंनी एकदमच उत्तर गेलं, "आले रे!"