बिनशिट्टीची सहल

ग्रुप टूर म्हटलं की यतिनचं डोकं फिरायचं. शिट्टी वाजली की उठा, बसमध्ये चढा. ह्याला काय फिरणं म्हणतात? म्हणून पुण्याहून आलेल्या आईला टास्मानिया दाखवायला त्याने स्वतःच गाडी भाड्याने घेतली आणि एक्सेलमध्ये आठ दिवसांत सात नॅशनल पार्क बसवले.

चौथ्या दिवशी तळ्याकाठी आईला आत्ता कुठे गवत चरणारा गुबगुबीत वॉम्बॅट दिसला, तोच यतिनने घड्याळ पाहिलं. "आई, चल चल, इथली वीस मिनिटं संपली!"

शेजारी पुण्याचीच एक टूर गवतावर पाय पसरून चहा पीत बसली होती. आई उठून तिकडे गेली आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या मॅनेजरला हळूच म्हणाली,

"तुमच्या बसमध्ये एक सीट मिळेल का हो?"