पुढचं वाक्य

आमदारताईंचं भाषण मुरलीला तोंडपाठ होतं. तीस वर्षं त्यांच्या सभांना माइक तोच लावत आला होता. हल्ली ऐकताना त्याला जांभया यायच्या, पण आवाज कुठे चढणार हे बटणावरच्या बोटांना बरोबर कळायचं.

आज कॉलेजच्या मैदानावर ताई मध्येच अडल्या. "मित्रांनो, बदल म्हणजे..." पुढचं काही आठवेना. पोरं कुजबुजायला लागली. माइक बिघडल्यासारखं दाखवत मुरली गुडघा धरून स्टेजवर चढला आणि माइकवर हात ठेवून पुटपुटला, "बदल म्हणजे कुणाची वाट बघणं नव्हे. उद्या सकाळी आपण स्वतः घराबाहेर पडणं." ताईंनी वाक्य उचललं. मैदान टाळ्यांनी दणाणलं.

सभा संपल्यावर त्या मुद्दाम त्याच्याजवळ आल्या. "ऐकून ऐकून पाठ झालं म्हणायचं."

"नाही ताई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज सोडून तुमच्या दारात उभा होतो."

ताईंनी त्याच्या पिकल्या केसांकडे पाहिलं. "मग मी काय म्हणाले?"

मुरली खाली बसून वायर गुंडाळू लागला.

"म्हणालात, आधी जरा तो माइक लाव."