सावलीची कडा

अयोध्या नगरच्या देवळापुढचा कदंब भर मे महिन्यात वाळू लागला आणि मनोरमाबाईंच्या जिवाला घोर लागला. सुभाषरावांनी स्वतःच्या हाताने लावलेलं झाड ते. त्याच्याखाली कीर्तनाला बसलं की बाईंना वाटायचं, हे शेजारीच बसून टाळ्या वाजवताहेत. रोज सकाळी नाम घेत त्या खोडाशी कळशीभर पाणी ओतायच्या, तरी पानं गळतच होती.

शेवटी त्यांनी खोडाचा फोटो आणि रोजच्या पाण्याची हकीकत रोपवाटिकेत काम करणाऱ्या भाच्याला, शैलेंद्रला पाठवली. त्याचा लगेच फोन आला.

"मावशी, झाडाला तीर्थ देतेस का गं, रोज पळीभर? खोड पाणी पीत नाही. पिणारी मुळं लांब असतात, दुपारी सावलीची कडा पडते ना, तिथे. आठवड्यातून एकदाच दे, पण माती हातभर खोल भिजू दे."

"एवढंच ना? आजच देते रे बाबा!"

दुपारी डोक्यावर पदर घेऊन, देवळातली नळी ओढत बाई सावलीच्या कडेला गेल्या. पाणी सोडलं, तर ते सिमेंटच्या फरशीवरून सरळ गटाराकडे धावलं. त्या झाडाभोवती गोल फिरल्या. खोडाजवळची वीतभर जागा सोडली, तर माती कुठेच नव्हती. वाहत्या पाण्याने मात्र फरशीवरची धूळ धुतली गेली आणि कोरलेली अक्षरं लख्ख दिसू लागली.



'कै. सुभाषराव यांच्या स्मरणार्थ, कीर्तनाच्या श्रोत्यांना बसण्यासाठी ही फरशी अर्पण. पत्नी, मनोरमा.'