मोजणीबाहेरचं

“हा खोकला खोटा आहे,” हेडफोन उतरवत खोकलेमास्तर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. आठ वर्षं हा माणूस या प्रयोगशाळेत बसून लोकांचे खोकले मोजत होता. नाव त्यावरूनच पडलेलं. छातीवर डबी बांधून रुग्ण घरी जायचे आणि दिवसभराचं ध्वनिमुद्रण घेऊन यायचे. त्यातली शांतता आणि बोलणं यंत्र कापून टाकायचं. उरलेला खोकला मास्तरच्या वाट्याला.

ही म्हातारी चौदा वर्षं खोकत होती. पहिल्या मोजणीत सहाशे बारा. नवी गोळी सुरू झाली आणि दुसऱ्या मोजणीत नऊ. सगळे खूश. आज तिसऱ्या मोजणीत एकदम चारशे.

“रक्तात गोळी सापडतेय, म्हणजे ती नेमाने घेतेय,” बाई म्हणाल्या. “मग खोटं कशाला खोकेल?”

“चव जाते ना या गोळीने. कंटाळली असेल, बंद करून हवी असेल.”

“कापलेलं नको, अख्खं ऐका. खोकला खरा असेल तर तिची गोळी बंद. खोटा असेल तर वर्षभर चालू.”

गोळीचं काम बाईंनी म्हातारीला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पेशीला इजा झाली की तिच्यातले ऊर्जा वाहणारे रेणू बाहेर सांडतात. शेजारच्या मज्जातंतूवर ते टिपणारे ग्राही असतात. त्यांनी टिपले की खोकला उठतो. गोळी त्या ग्राहींना बुजवते. म्हातारी हसली होती.

“म्हणजे हाक मारणारा मारतोच. ऐकणाऱ्याच्या कानात बोळे.”

मास्तरने पुरावा काढायचाच म्हणून तिन्ही ध्वनिमुद्रणं लावली. पहिल्यात दर थोड्या खोकल्यांनंतर दार करकरत होतं आणि मुलाचा आवाज यायचा, “आई, पाणी देऊ?” दुसऱ्यात घड्याळ होतं, नळ होता, लांबच्या खोलीतला टीव्ही होता. दिवसभरात दार एकदाही वाजलं नाही.

तिसऱ्यात म्हातारी छातीतून नाही, नुसतं घशातून खोकली. थांबली. मग जरा मोठ्याने खोकली. दार करकरलं.

“आई, पाणी देऊ?”

“नको. आलायस तर बस जरा.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ कोणी खोकलं नाही.

मास्तरला स्वतःच्या कानांची लाज वाटली. आठ वर्षं त्याने तेवढंच ऐकलं होतं, जेवढं मोजायचं होतं. खोकला खरा आहे असं लिहिलं, तर गोळी बंद होईल आणि तिचं दार पुन्हा करकरत राहील. पण या आकड्यांच्या भरवशावर उद्या हजारो लोक ही गोळी घेणार होते. त्याने दोनदा पेन उचललं, दोनदा खाली ठेवलं. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात खरं तेच लिहिलं.

‘खोकला थांबला आहे. गोळी वर्षभर चालू ठेवावी.’