नुसती जाण्यापुरती

पंचशीला मॅडमच्या हातून इतिहास विभाग गेला. पण ते राहू द्या. काही झालंच नाही, असं धरून चालू.

तर उदगीरच्या एका कॉलेजात इतिहास विभाग म्हणजे एक खोली, तीन बाकं, एक कपाट आणि तासिका तत्त्वावरच्या मॅडम. नऊ वर्षं त्या चीनमधल्या जिंगनान राज्यावर प्रबंध लिहीत होत्या. दहाव्या शतकातलं हे राज्यही बेताचंच. तीन परगणे, जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य. शेजारी सगळे दांडगे, म्हणून राजा सगळ्यांनाच मुजरा करायचा. मॅडमही प्राचार्यांना, सचिवांना आणि सचिवांच्या विरोधी गटालाही रोज नमस्कार करत. कंबर दुखायची.

त्या सकाळी शेवटचं प्रकरण चाललं होतं. शेजारच्या बलाढ्य सोंग घराण्याच्या सम्राटाची फौज सरहद्दीवर येते आणि पुढच्या स्वारीसाठी जाण्यापुरती वाट मागते. तेवढ्यात दारात संगणक विभागाचे वीरण्णा सर उभे.

“मॅडम, नव्या लॅबला लई वळसा पडायलाय. तुमच्या खोलीतून वाट द्या की. नुसती जाण्यापुरती.”

मॅडमनी प्रबंधाकडे बघितलं. पुढचं पान त्यांना पाठ होतं. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि वडील ज्ञानोबा आठवले. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बांधांना वळसा घालून पाणी आणलं. म्हणायचे, “आपल्याला कुणी वाट दिली न्हाई, पोरी. आपण कुणाची अडवायची न्हाई.”

“जावा की सर,” मॅडम म्हणाल्या. वर, दारात आलेल्याला कोरडं कसं धाडायचं, म्हणून प्रबंध कपाटात ठेवून स्वतः कँटीनला चहा आणायला गेल्या. दूध यायचं होतं. तास गेला.

जिंगनानचा राजाही फौजेच्या स्वागताला शहराबाहेर गेला होता. परतला तेव्हा गल्लोगल्ली फौज उभी होती.

मॅडम परतल्या तेव्हा बाकं व्हरांड्यात होती. खोलीत बारा संगणक. कपाट हलेना, म्हणून तसंच मागं ठेवलेलं. प्रबंध त्यात.

वीरण्णा सरांनी चहाचा घोट घेतला. “साखर कमी हाय,” ते म्हणाले आणि खोलीच्या दाराला कुलूप लावलं.

मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या. कागद काढला.

“मा. प्राचार्य यांस, इतिहास विभाग सध्या संगणक लॅबच्या पलीकडे, कपाटात आहे. तरी अर्जदारास तिथवर वाट मिळावी, ही नम्र विनंती. नुसती जाण्यापुरती.”